आखाजीचं अंजीर

कारंज्याच्या बाजारात माझ्या वांग्यांच्या ढिगासमोर एक माणूस येऊन बसला. त्यानं ओलं गोणपाट सोडलं आणि आतून वीतभर लांबीच्या पंचवीस-तीस काड्या काढून ओळीनं मांडल्या. ना पान, ना कोंब. बाजारात लोक काय काय विकायला आणतात ते मी लहानपणापासून पाहत आले होते, पण इतक्या ऐटीत काटक्या मांडणारा हा पहिलाच.

मला राहवलं नाही. "सरपन विकून राह्यले का भाऊ? यानं तं वाटीभर दूध बी तापाचं नाई."

त्यानं मान वर केली. उन्हानं रापलेला चेहरा, कमरेला कलमाचा चाकू आणि डोळे असे, की आता हसतील की मग, याचा नेम नाही.

"सरपन म्हना, चालते. भाऊ नोका म्हनू," तो म्हणाला. "अंजीर आहे हे."

"कुठी आहे अंजीर?"

"आत आहे अजून. भायेर याले दोन वर्सं लागतात."

"मंग दोन वर्सं इथीच बसता का?"

"तुमी समोर बसत असान तं..." तो बोलता बोलता थांबला, एक काडी उचलून उगाच पुसू लागला. "तं बसाले काय हरकत आहे?"

माझ्या शेजारी बांगड्यांची टोपली घेऊन बसणारी सरवरीचाची खोकली. तिला खोकला झालेला नव्हता.

मी ओंजळभर वांगी त्याच्या गोणपाटावर टाकली आणि एक काडी उचलली. कोणती बाजू वर, ते कळेना. त्यानं बोटानं काडीवरचा बारीकसा फुगवटा दाखवला. "हा डोळा. डोळा नेहमी वर ठेवजा. खाली ठेवला तं मातीतच पायत बसते." आणि मग हळूच, "तुमी बी वर ठेवत जा. खाली पाहून वांगे कोन घेते?"

मी वर पाहिलं. तो हसत होता. त्या दिवशी मी दोन गिऱ्हाइकांना वांग्यांऐवजी मिरच्या दिल्या.

मी तेव्हा एकोणीस वर्षांची होते. सातव्या वर्षी माझं लग्न झालं आणि नवव्या वर्षी, त्या मोठ्या तापाच्या साथीत, नवरा गेला. खोटं कशाला बोलू, त्याचा चेहरा मला आठवत नाही. मुंडावळ्या तेवढ्या आठवतात. आमच्या माळ्यांत विधवेचा पाट लागतो, म्हणजे तिला पुन्हा संसार मांडता येतो. पण बाबांनी दहा वर्षांत तो विषय काढला नव्हता, आणि बाजार, मोट, खुरपं यांच्या नादात मीही काढला नव्हता.

माझे बाबा, रंगराव माळी, भाजीपाल्यातले पक्के. गावाच्या कडेला आमचा मळा आणि मळ्यातच घर. पाण्याच्या बाबतीत बाबांचा हात फार सैल. वाटेनं जाताना दुसऱ्याच्या वाफ्यात एखादं रोप माना टाकून बसलेलं दिसलं, तरी ते तिकडे जाऊन घागर ओतून येत. माय म्हणायची, देवानं या माणसाच्या हाताला तोटीच लावून पाठवली आहे.

काडी पाहून मात्र बाबांनी तोंड वाकडं केलं.

"ज्याले फूल येत नाई असं झाड माळ्याच्या घरी लावतं का? उंबराच्या जातीचं आहे हे. देवाले काय वाहाशीन याचं, पान?"

"आधी जगू तं द्या बाबा."

मी न्हाणीच्या मागे, आंघोळीचं पाणी जिथून वाहत जाई तिथं, काडी खोचली. डोळा वर. सोळाव्या दिवशी तिला हिरवा कोंब आला आणि मी उठून आधी न्हाणीमागे जायला लागले.

काडीवाल्याचं नाव उत्तम. आसेगावचा. एका मोठ्या बागेत चार वर्षं राबून तो कलमं करायला शिकला होता. स्वतःची जमीन नव्हती. लोकांच्या बागा लावून द्यायचा. आमच्याकडे तो दर बाजाराला 'काडी पाहायला' येऊ लागला. काडीची काडी राहिली नव्हती, तिला फांद्या फुटल्या होत्या, तरी तो काडीच म्हणायचा. माय त्याला ताक द्यायची आणि दारात बसून लसूण सोलायची. त्या दिवसांत आमच्या घरी फार लसूण सोलला गेला.

एकदा तो दोन बाजार आलाच नाही. तिसऱ्या बाजाराला आला तेव्हा मी झाडाची वाळकी पानं तोडत होते.

"उंबराचं फूल झाले तुमी तं," मी मागं न वळता म्हटलं.

"अंजिरासमोर उंबराचं नाव घेता? रुसन ते."

"रुसू द्या. बाबा म्हन्तात याले फूलच नाई."

"आहे. फळाच्या आत फुलते. लाजाळू झाड आहे, दाखवत नाई एवढंच."

"लाजाळू तुमाले बरं ओळखू येते. मी लाजाळू आहे असं वाटून राह्यलं का?"

"तुमी काय लाजता," तो हसला, मग हसू अर्धंच राहिलं. "मी... माह्याबद्दल बोलून राह्यलो."

पान तोडताना पांढरा चीक माझ्या मनगटावर ओघळला होता. या चिकानं खाज सुटते. त्यानं खांद्यावरचं उपरणं पाण्यात भिजवलं आणि माझं मनगट पुसलं. काकण नसलेलं मनगट. पुसून झालं तरी उपरणं तिथंच होतं. दारात लसूण सोलायचा आवाज थांबला, तेव्हा कुठं आम्ही दोघं भानावर आलो.

दुसऱ्या वर्षीचा पोळा झाला आणि एकाच आठवड्यात घरी दोन निरोप आले. एक केनवडहून, दौलतरावांचा. दोन विहिरी, मोठं वावर, बायको वारलेली. दुसरा आसेगावहून, उत्तमच्या काकाचा. दोघांनीही माझ्यासाठी पाटाचं विचारलं होतं.

बाबा भाकरी मोडत म्हणाले, "आसेगावचा पोरगा बोलाले गोड आहे. पन सोताचं वावर नाई. आन् त्याची ती काडी पाय. दीड वर्स झालं, पानावर पान. फळ कुठी आहे? ज्याच्या हाताले फळ नाई, त्याच्या हाती पोरगी कशी देऊ?"

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. "आन् फळलं तं?"

बाबांनी वर पाहिलं. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ महिन्यांवर होती.

"या आखाजीच्या आत फळलं तं, बाबा?"

त्यांनी हातातली भाकरी संपवली. मग पाण्याचा तांब्या रिकामा केला. "पिकलेलं फळ माह्या हातात ठेव. मी सोता जाईन आसेगावले. नाई फळलं तं केनवड. आन् तवरक त्यानं या घराकडे फिरकाचं नाई. बाजारात बी तुहं-त्याचं बोलनं नको. येत्या बाजाराले काय ते सांगून टाक त्याले."

"कबूल," मी म्हटलं.

माय माझ्याकडे पाहतच राहिली. पाटाच्या वेळी पंच बाईला विचारतात, राजी आहेस का. तिथं 'नाही' म्हटलं की पाट मोडतो. केनवडला मी तसं म्हणू शकले असते. पण भर बैठकीत बाबांची मान खाली गेली असती. मला उत्तम हवा होता, आणि बाबांची मानही ताठ हवी होती. दोन्ही हवं होतं. मी हट्टीच आहे.

बाजारात मी उत्तमला सगळं सांगितलं. तो हसला नाही. वांग्याचं एक देठ घेऊन मातीत रेघा ओढत राहिला.

"झाडाले पानी किती घालता?"

"रोज. न्हाणीचं बी जाते."

"म्हनूनच. लाडावलं तुमी त्याले. बसल्या जागी भेटून राह्यलं, मंग ते फळाची तसदी कायले घेईन?" त्यानं मान वर केली. "ताण द्या. दसऱ्यापासून एक महिना थेंब नाई. न्हाणीचा चर दुसरीकडे वळवा. पानं पिवळी पडतीन, गळतीन, झाड मेल्यासारखं दिसन. लोक हसतीन. मंग शेंडे छाटा, बुडाशी शेणखत द्या आन् पोटभर पानी. तवा ते फळते."

"आन् मधातच दया आली तं?"

"मंग केनवड." त्यानं मातीतल्या रेघा पुसून टाकल्या.

सरवरीचाची बांगड्या पुसत दुसरीकडे पाहत होती. मी विचारलं, "आखाजीपर्यंत तुमी काय करसान?"

"माहा बी ताणच आहे की." देठ त्याच्या हातात मोडलं. "गोजरा, मले बोलता येत नाई. पन माह्या घरी अजून एक बी झाड नाई. दुसऱ्याइच्या बागा लावल्या सगळ्या. माह्या अंगनात पयलं झाड तुह्या हातानं लागावं, एवढंच वाटते मले."

पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला होता. मला रडू आलं, पण बाजारात रडणाऱ्यातली मी नव्हे. "काड्या वल्या ठेवजा," मी म्हटलं, "आलीच समजा मी."

दसऱ्याला मी न्हाणीचा चर वळवला आणि पाणी तोडलं. कुणाला काही सांगितलं नाही. बाबांना तर नाहीच. ते झाड त्यांच्या डोळ्यांत सलत होतं असं मला वाटायचं. पाचवा दिवस गेला, दहावा गेला. झाडाखालून जाताना मी मान वळवून घ्यायची. जिथं रोज घागर ओतली, तिथं हात बांधून उभं राहणं किती जड जातं ते मला तेव्हा कळलं.

पण वीस दिवस झाले तरी एक पान पिवळं पडेना. उलट शेंड्याला नवी पालवी. मी मनातून घाबरले. उत्तमचं चुकलं असेल का? की हे झाडच आमच्या बाजूचं नव्हतं?

एकविसाव्या दिवशी पहाटे, कोंबडं आरवायच्या सुमारास, मला न्हाणीमागे पाण्याचा आवाज आला. मी उठून गेले. बाबा घागर तिरपी करून झाडाच्या बुडाशी हळूहळू पाणी सोडत होते, आवाज होऊ नये म्हणून दुसरा हात धारेखाली धरून.

"बाबा, काय करून राह्यले?"

ते दचकले. "काही नाई. घागर इसळून राह्यलो."

"रोज?"

बाबांनी घागर खाली ठेवली. मग चिडलेच. "तुलेच झालं काय? झाडाले एक थेंब पानी नाई. मले वाटलं पोरगी हारली, जीव सोडला तिनं. म्हनलं आपन तं घालू. फळलं तं फळलं."

"तुमाले तं ते फळाले नको होतं."

"कोन म्हनलं?" ते दुसरीकडे पाहत होते. "केनवडले म्या शब्द देला नाई अजून."

मी तिथंच मातीत बसले. हसावं की रडावं, समजेना. मग मी त्यांना ताण म्हणजे काय ते सगळं सांगितलं. बाबा ऐकत ऐकत न्हाणीच्या दगडावर टेकले.

"म्हंजे माह्यानंच..." ते आपल्या ओल्या हाताकडे पाहत राहिले. "चाळीस वर्सं पानी घातलं म्या. न घालनं कोनी शिकोलंच नाई."

"आता शिका."

"आता कसं होते?"

"पयलेपासून. आजपासून महिना. दिवस पुरतात, जेमतेम."

"मंग मले बांधून ठेव," बाबा म्हणाले, आणि हे त्यांनी अगदी गंभीरपणे म्हटलं.

बांधावं लागलं नाही. पण तो महिना झाडापेक्षा बाबांनाच जड गेला. पंधराव्या दिवशी पानं पिवळी पडली, मग एकेक करून गळाली. बाबांचं जेवण कमी झालं. येणारे-जाणारे म्हणत, रंगराव, झाड मेलं, तोडून टाका. बाबा त्यांना भलतंच काही विचारून तिथून हलवत.

आणि बाविसाव्या दिवशी भरदुपारी आभाळ भरून आलं. ऐन कार्तिकात, काही कारण नसताना. मी वांग्याच्या वाफ्यातून धावत सुटले. पोहोचले तर बाबा आधीच तिथं होते. त्यांनी आपलं घोंगडं झाडाच्या बुडाशी पसरलं होतं आणि भर पावसात फावड्यानं चर खोदत होते. मी गोणपाटं आणून घोंगड्यावर टाकली. दोघंही चिंब. ज्या माणसानं जन्मभर पाणी झाडाकडे वळवलं, तो आज ते झाडापासून दूर वळवत होता.

"चरातून पाय काढ," ते ओरडले, "पानी तुंबून राह्यलं."

त्या वेळी मला बाबांना मिठी मारावीशी वाटली. मी पाय काढला.

महिना भरला. मी शेंडे छाटले, शेणखत दिलं आणि पहिली घागर बाबांच्या हातात ठेवली. त्यांनी ती इतकी सावकाश ओतली की माय म्हणाली, नवसाचं दूध आहे का ते.

पौषात नव्या पानांच्या बगलेत वाटाण्याएवढी हिरवी गाठ दिसली. मग दुसरी. मग मोजणंच सोडलं. बाजारात उत्तम लांब, कापसाच्या गाड्यांपलीकडे बसायचा. बाबांचा शब्द आम्ही दोघं पाळत होतो. पण सरवरीचाचीनं कुणालाच शब्द दिलेला नव्हता. ती तिकडे बांगड्या विकायला गेली की परत येऊन आपल्याशीच बोलायची, "अल्ला, लोकाइले काय काय फिकर. कोनी म्हन्ते पाखराइपासून जपा, फळाले फडकं बांधा." मी माझ्या जुन्या लुगड्याची फडकी बांधली.

चैत्र सरत आला. फळं हिरवी ती हिरवीच, टणक. आखाजी तीन दिवसांवर आली तेव्हा एकाच अंजिराचा रंग जरासा उतरला, जांभळट झाला, आणि त्यानं देठातून मान टाकली.

"पिकलं का हे?" बाबांनी विचारलं.

"मले काय माहीत? म्या कधी पायलं?"

माय म्हणाली, नासलं असेल. आम्ही तिघंही त्या फळाभोवती उभे. साऱ्या मुलखाला भाजी खाऊ घालणारं आमचं घर, पण झाडावर पिकलेलं अंजीर आमच्यापैकी कुणीच पाहिलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी उठले तर ते अंजीर नव्हतं. फडकंही नव्हतं. गोठ्यात बैल नव्हते आणि अंगणात गाडी नव्हती.

"बाबा कुठी गेले?"

"मले सांगून जातात का ते," माय म्हणाली. "दक्षिणेकडे गेली गाडी."

आसेगावची वाट दक्षिणेकडे. केनवडचीही तीच, नुसती पुढे लांब. ते फळ नासलं म्हणून फेकून ते केनवडला शब्द द्यायला गेले असले तर? मी दोन दिवस काही खाल्लं नाही. झाडावरची बाकीची फळं दाबून दाबून पाहिली, एकही मऊ लागेना. शेवटी मी मनाशी पक्कं केलं. पंच विचारतील तेव्हा 'नाही' म्हणायचं, आणि मग जन्मभर बाबांच्या पायांशी बसून माफी मागायची. पण 'नाही'च म्हणायचं.

आखाजीच्या दिवशी मी पुरण वाटत होते तेव्हा बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. मी पुरणाचे हात घेऊन तशीच दारात गेले. गाडीतून बाबा उतरले. त्यांच्या मागून एक म्हातारे गृहस्थ, उत्तमचे काका. आणि सगळ्यांत शेवटी, काखेत ओल्या गोणपाटाची गुंडाळी घेऊन, तो.

माझे पाय तिथंच थांबले. त्यानं वर पाहिलं आणि त्याचे ते डोळे, अखेर, हसले.

बाबांनी कोपरीच्या खिशातून ओल्या फडक्याची पुरचुंडी काढली. "पिकलं का नाई ते मले समजेना," ते कुणाकडेच न पाहता म्हणाले. "म्हनून इचाराले गेल्तो. तं हा म्हन्ते, झाड पायल्याबिगर सांगता येत नाई. लबाड आहे. आनला मंग संगं."

"पिकलं आहे मामा," उत्तम म्हणाला. "तवाच सांगतलं असतं तं तुमी एकलेच वापस आले असते."

माय तोंडाला पदर लावून आत गेली. बाबांनी अंजीर माझ्या तळहातावर ठेवलं. दोन दिवसांच्या प्रवासानं ते मऊ झालं होतं. मी दोन्ही अंगठ्यांनी ते उकललं. आत सगळं तांबूस-गुलाबी, बारीक बारीक पाकळ्यांसारखं, दाटीवाटीनं भरलेलं.

बाबा वाकून पाहत राहिले. "हे काय आहे?"

"फूल, बाबा," मी म्हटलं. "आत असते ते."

अर्धं अंजीर त्यांनी दोन बोटांत अलगद उचललं, आत गेले आणि देव्हाऱ्यात, रोज मोगरा ठेवतात त्या जागी, ठेवलं. हात जोडून जरा वेळ उभे राहिले. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे ओले होते, पण मान ताठ होती.

"पंच इचारतीन तवा इचारतीन," ते मला म्हणाले. "पयले मी इचारतो. राजी आहे का?"

मी उत्तमकडे पाहिलं. काखेतलं ओलं गोणपाट त्यानं छातीशी धरलं होतं.

"दोन वर्सं झाले बाबा," मी म्हटलं. "काडी उचलली, तवापासून."